'रिसीव्ह' नीट कसा शिकावा: मूळ, अर्थ आणि रोजचा वापर

पत्र मिळाले, चिठ्ठी मिळाली, पैसे मिळाले. या तिन्ही वाक्यांच्या आधी 'मला' लावून पाहा. 'मला' जागचा हलत नाही. बदलते ते क्रियापद, आणि तेही वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे. म्हणजे मराठीत वाक्याचा कारभार वस्तूच्या हाती असतो आणि घेणारा माणूस 'मला' म्हणत बाजूला उभा राहतो. इंग्रजी 'रिसीव्ह'चे नेमके उलटे आहे. तिथे घेणाराच कर्ता: 'आय रिसीव्ह्ड द लेटर.' मराठी माणसाच्या हातून या शब्दाच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याच या एका फरकातून येतात. हा फरक शब्दाच्या मुळातच असल्यामुळे मूळ आणि वापर एकत्रच शिकलेले बरे.

१. आधी वाक्य फिरवा

मराठी वाक्यातला 'ला' लागलेला शब्द शोधा. मला, त्याला, आम्हाला, कंपनीला, ज्याला मिळाले तो. त्याचा 'ला' काढा आणि त्याला वाक्यात पहिला बसवा: आय, ही, वुई, द कंपनी. त्याच्यामागे 'रिसीव्ह' योग्य काळात, मग वस्तू, आणि शेवटी कोणाकडून ते. 'काल आम्हाला तुमचा १२ जूनचा अर्ज मिळाला' याचे होते 'यस्टरडे वुई रिसीव्ह्ड युअर ॲप्लिकेशन ऑफ १२ जून.'

मराठी क्रम तसाच ठेवला की 'युअर लेटर रिसीव्ह्ड टु मी' असे वाक्य तयार होते. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो तो असा, की पत्राने काहीतरी स्वीकारले. 'टु मी' हा 'मला'चा शब्दशः उतारा आहे आणि 'रिसीव्ह'शेजारी त्याला जागा नाही.

वस्तूच पुढे ठेवायची असेल, तर कर्मणी रचना घ्या: 'युअर ॲप्लिकेशन हॅज बीन रिसीव्ह्ड.' कार्यालयीन पत्रात हे वाक्य चांगले बसते, कारण कोणी घेतले ते सांगण्याची गरज नसते.

ही पलटी अवघड वाटत असेल, तर मराठीतच तिचा एक नमुना आहे. 'तो प्रसिद्धी पावला' या वाक्यात 'त्याला' नाही, 'तो' आहे. मिळवणारा कर्ता झाला आहे. 'रिसीव्ह'चे वाक्य बांधताना मनात हा साचा ठेवा.

२. 'कडून' आला की थांबा

'बँकेकडून पत्र मिळाले' आणि 'हे काम बँकेकडून झाले' या दोन्ही ठिकाणी मराठीत 'कडून'च येते. इंग्रजीत पहिल्याला 'फ्रॉम' आणि दुसऱ्याला 'बाय'. 'द लेटर वॉज रिसीव्ह्ड फ्रॉम द बँक' म्हणजे पत्र बँकेने पाठवले. 'द लेटर वॉज रिसीव्ह्ड बाय द बँक' म्हणजे पत्र बँकेला पोचले. एका छोट्या शब्दाने पत्राची दिशा उलटते. तक्रार, नोटीस, पैशाचा व्यवहार यांबद्दल लिहिताना हा शब्द पुन्हा एकदा वाचून पाहा, कारण पाठवणारा कोण आणि घेणारा कोण यावरूनच पुढचा वाद उभा राहतो.

काळाचे थोडक्यात. तारीख किंवा 'काल' असेल तर साधा भूतकाळ: 'आय रिसीव्ह्ड इट यस्टरडे.' वेळ न सांगता फक्त 'मिळाले आहे' म्हणायचे तर 'आय हॅव रिसीव्ह्ड इट.' दोन्ही एकत्र करून 'आय हॅव रिसीव्ह्ड इट यस्टरडे' लिहिणे चूक. 'डिड नॉट'च्या पुढे मूळ रूपच येते, 'डिड नॉट रिसीव्ह'. एकच पत्र हातात आले असेल तर 'आय ॲम रिसीव्हिंग' म्हणू नका. पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र ते चालते: 'वुई आर रिसीव्हिंग कंप्लेंट्स.'

३. स्पेलिंग आणि उच्चार

आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई. सर्वांत जास्त चूक होते ती 'सी'नंतर: 'आय'ला आधी टाकले जाते. शाळेत शिकवतात तो नियम, 'ई'च्या आधी 'आय', पण 'सी'नंतर उलट, या घराण्यापुरता अगदी भरवशाचा आहे. रिसीव्ह, डिसीव्ह, पर्सीव्ह, कन्सीव्ह, रिसीट, शिवाय छताचे सीलिंग, सगळीकडे 'सी'नंतर 'ई-आय'. 'सायन्स' आणि 'स्पीशीज' या शब्दांत नियम मोडतो, म्हणून तो सगळ्या इंग्रजीवर लादू नका. 'सी'नंतर लांब 'ई' ऐकू आला तरच तो वापरा. ('स्पीशीज'मध्ये 'सी'चा उच्चार 'श' होतो, तेवढा वेगळा ठेवा.)

जोर दुसऱ्या अक्षरावर: रि-सीव्ह. भूतकाळात शेवटी फक्त 'ड' लागतो, रिसीव्ह्ड. 'रिसीव्हेड' असे तिसरे अक्षर काढू नका. 'व्ह'साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे असतात. 'वही'तला 'व' उच्चारताना दोन ओठ जवळ येतात, तसे इथे नको.

'रिसीट'मध्ये 'टी'च्या आधी 'पी' लिहितात आणि उच्चारत नाहीत. हा 'पी' फ्रेंचमधून आलेल्या जुन्या रूपात नव्हता. लॅटिन मुळात तो होता, म्हणून विद्वान मंडळींनी लिहिताना परत आणला. बोलणाऱ्यांनी काही त्याला जवळ केले नाही. गंमत अशी, की त्याच साच्याचे 'डिसीट' आणि 'कन्सीट' आज 'पी'शिवाय लिहितात. त्यामुळे एकाच घरातली तीन भावंडे, आणि 'पी' फक्त एकाकडे. हे तर्काने सुटणार नाही, पाठच करावे लागते.

४. मूळ: हात कुठे आहे

लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे पकडणे, हातात घेणे. त्याला 'रे' म्हणजे 'परत, आपल्याकडे' हा उपसर्ग लागून 'रेकिपेरे' झाले: परत घेणे, आपल्याकडे घेणे, आत येऊ देणे. लॅटिनचे जुन्या फ्रेंचमध्ये रूपांतर होताना उत्तरेकडच्या बोलीत 'रिसीव्ह'च्या जवळचे रूप घडले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार, न्यायालय आणि जमीनमहसूल यांच्या कारभारात फ्रेंच शिरली आणि १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागला.

उपसर्ग लागला की 'का'मधला 'आ' का बदलतो, याचा लॅटिनमध्ये पक्का नियम आहे. पुढे एकटे व्यंजन असेल तर 'आ'चा 'इ' होतो: कापेरे, रेकिपेरे. पुढे दोन व्यंजने असतील तर 'ए' होतो: काप्तुस, रेकेप्तुस. या एका नियमावर इंग्रजीतले अख्खे कुटुंब उभे आहे. 'रिसिपियंट'मध्ये 'सिप' दिसतो आणि 'रिसेप्शन'मध्ये 'सेप्ट', तो यामुळे. 'सीव्ह' हा फ्रेंचमार्गे आलेला तिसरा चेहरा.

आता एक युक्ती. शेवटी 'सीव्ह' असलेल्या क्रियापदाचे नाम करायचे असेल, तर 'सीव्ह' काढून 'सेप्शन' लावा. रिसीव्ह, रिसेप्शन. डिसीव्ह, डिसेप्शन. पर्सीव्ह, पर्सेप्शन. कन्सीव्ह, कन्सेप्शन. चार क्रियापदे पाठ केली की चार नामे आपोआप येतात.

याच 'कापेरे'पासून कॅप्चर, कॅप्टिव्ह, कपॅसिटी, ॲक्सेप्ट (स्वीकारणे), एक्सेप्ट (वगळून) आले. कॅच आणि चेस (पाठलाग करणे) हेही तिथूनच आले, फक्त फ्रेंचच्या वेगवेगळ्या बोलींतून. कॅप्टन आणि कॅपिटल मात्र या घरातले नाहीत. ते 'कापुत' म्हणजे डोके या शब्दाचे. इंग्रजीतला अगदी साधा 'हॅव' मात्र याच मुळाचा दूरचा भाऊबंद आहे. जर्मन गटातल्या भाषांत जुना 'क' 'ह' झाला, म्हणून चेहऱ्यावरून ओळख पटत नाही.

आता आपले शब्द शेजारी ठेवा. 'पावती' आली 'पावणे' पासून, आणि 'पावणे' संस्कृत 'प्राप्' पासून: पोचणे, गाठणे, मिळवणे. जुन्या पत्रांत 'आपले पत्र पावले, मजकूर कळला' असे लिहीत, म्हणजे पत्र येऊन पोचले. 'पोच' तर सरळ पोचण्यावरूनच आहे. हिंदीत जास्त आणि मराठीत थोडी चालणारी 'रसीद' ही फारसी 'रसीदन्' म्हणजे पोचणे यापासूनची. 'रसीद' हा 'रिसीट'चा अपभ्रंश आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दोन्ही शब्द ऐकायला जवळचे, अर्थही एक, पण नाते कसलेच नाही. आपल्याकडचे हे तिन्ही कागद वस्तूच्या प्रवासाकडे पाहतात: माल निघाला, पोचला. 'रिसीट' पाहते ते घेणाऱ्या हाताकडे. पहिल्या पायरीतली पलटी इथून येते.

५. 'रेसिपी' आणि औषधाच्या पट्टीवरची खूण

घरात औषधाच्या गोळ्यांची पट्टी असेल तर उलटून पाहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या बऱ्याच औषधांवर एक लाल उभी रेघ असते आणि नावाजवळ इंग्रजी 'आर', त्याच्या तिरप्या पायावर एक काट. बोलताना तिला 'आरएक्स' म्हणतात, पण त्यात 'एक्स' नाही. ती काट लघुरूपाची खूण आहे आणि 'आर' आहे 'रेकिपे'चा. 'रेकिपे' म्हणजे 'घे!', 'रेकिपेरे'चे आज्ञार्थी रूप. युरोपातले वैद्य औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात या शब्दाने करत आणि पुढे घटक आणि त्यांची मापे लिहीत: घे अमुक इतके, मिसळ तमुक. औषधविक्रेत्याला दिलेला तो हुकूम होता.

पुढे ही मांडणी स्वयंपाकघरात गेली आणि 'रेसिपी' हे पाककृतीचे नाव झाले. पाककृतीतही आधी साहित्य आणि मापे, मग कृती, हा क्रम तोच आहे. पूर्वी इंग्रजीत पाककृतीला 'रिसीट'च म्हणत. जुनी इंग्रजी पाकपुस्तके चाळताना 'रिसीट' दिसली तर बिलाची पावती समजू नका. उच्चार तीन अक्षरी आहे, रे-सि-पी. शेवटचा 'ई' मुका नाही, कारण शब्द फ्रेंचमार्गे न येता थेट लॅटिनमधून उचलला आहे.

६. कुठे चालतो, कुठे नाही

'गेट' आणि 'रिसीव्ह' दोन्हींना आपण 'मिळणे' म्हणतो, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. 'गेट' इंग्रजीत आला स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून, 'रिसीव्ह' आला फ्रेंच राज्यकर्त्यांकडून. त्याची छाया अजून आहे. घरी, मित्राला, व्हॉट्सॲपवर 'गॉट इट'. अर्जात, ईमेलमध्ये, कायद्याच्या कागदात 'रिसीव्ह्ड'. ताप 'गेट' होतो, 'रिसीव्ह' होत नाही. नोकरीचा प्रस्ताव 'रिसीव्ह' करता येतो, नोकरी मात्र 'गेट' करायची. 'रिसीव्ह'च्या पुढे सहज बसणारे शब्द असे: पत्र, रक्कम, पुरस्कार, प्रशिक्षण, उपचार, तक्रार, पाठिंबा, आणि पोलिसांच्या अहवालात दुखापत.

भारताबाहेर राहायला जाणाऱ्यांनी पुढच्या तीन प्रयोगांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. इथे ते रोजचे आहेत, बाहेर खटकतात.

'मी तुला स्टेशनवर रिसीव्ह करायला येतो.' बाहेर 'मीट' किंवा 'पिक अप' म्हणतात. तिथे माणसाला 'रिसीव्ह' करतात ते राष्ट्राध्यक्ष, शिष्टमंडळाला.

'फोन रिसीव्ह केला नाही.' बाहेर 'आन्सर' किंवा 'पिक अप'. 'रिसीव्ह अ कॉल' म्हणजे फोन आला. उचलला की नाही, हे त्यात येत नाही.

'अर्जाची रिसीव्हिंग घ्या.' हे तर भारतीय इंग्रजीच. इथल्या कार्यालयात आपण 'पोच' मागतो, म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. इंग्रजीत त्यासाठी 'ॲक्नॉलेजमेंट' हा शब्द वापरा.

सर्वांत महाग पडू शकते ती 'रिसीव्ह' आणि 'ॲक्सेप्ट'ची गल्लत. मराठीत राजीनामा 'घेतला' म्हटले की दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर रेझिग्नेशन' म्हणजे कागद माझ्या हातात आला. मंजूर केला असे त्यात कुठेही नाही. 'ॲक्सेप्टेड' लिहिले की मान्यता दिली. भाडेकरार, निविदा, लग्नाचे निमंत्रण, सगळीकडे हीच रेघ. तुम्ही मागवलेला माल फुटका निघाला तर 'रिसीव्ह्ड इन डॅमेज्ड कंडिशन' असे लिहून सही करा. नुसती सही केलीत तर पुढे तुम्ही तो चांगल्या स्थितीत घेतला, असे म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

कायद्यातले दोन अर्थ वर्तमानपत्र वाचताना उपयोगी पडतात. 'कोर्ट रिसीव्हर' म्हणजे वादातली मालमत्ता न्यायालयाच्या वतीने ताब्यात घेऊन सांभाळणारा. त्याची नेमणूक १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चाळिसाव्या आदेशाखाली होते. मुंबई उच्च न्यायालयात तर त्याचे स्वतंत्र कार्यालयच आहे. तो मालक होत नाही. दुसरा अर्थ वाईट आहे: चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम ४११ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ मध्ये आहे. न सांगता नुसता 'रिसीव्हर' लिहिला, तर हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून 'कोर्ट' शब्द गाळू नका.

'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन' हा इंग्लंडमधल्या एका प्रतिष्ठित उच्चारपद्धतीचा शब्द. १८६९ मध्ये ध्वनिशास्त्रज्ञ अलेक्झांडर एलिस यांनी तो वापरला आणि विसाव्या शतकात डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञांनी रुळवला. इथे 'रिसीव्ह्ड' म्हणजे कानाला ऐकू आलेला नव्हे, तर जाणत्यांत मान्य असलेला. 'रिसीव्ह्ड विजडम' म्हणजेही रूढ, सर्वांनी धरून चाललेली समजूत.

वायरलेसवरचे 'रॉजर' हेही याच शब्दाचे रूप. संदेश पोचला हे सांगायला 'रिसीव्ह्ड'चा 'आर' पाठवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अक्षरमालेत 'आर'साठी 'रॉजर' हा शब्द ठरलेला होता. आता 'आर'ला 'रोमिओ' म्हणतात, पण 'रॉजर' टिकला. त्याचा अर्थ 'ऐकले' एवढाच. 'करतो' किंवा 'हो' असा नाही.

७. इंग्रजी पावती लिहिताना

पावतीपुस्तकाच्या पानावर ओळ असते: 'रिसीव्ह्ड विथ थँक्स फ्रॉम…' यात कर्ता दिसत नाही. तो सही करणारा आहे, 'आम्ही'. म्हणून 'फ्रॉम'च्या पुढे पैसे देणाऱ्याचे नाव येते, घेणाऱ्याचे नव्हे. नवखा कारकून इथे स्वतःच्या संस्थेचे नाव घालतो आणि पावती उलटी होते.

त्यापुढे रक्कम आधी अक्षरी, मग अंकी. अक्षरी रकमेच्या शेवटी 'ओन्ली' लिहा, म्हणजे पुढे काही वाढवता येत नाही. मग रोख, धनादेश की ऑनलाइन ते. धनादेश असेल तर क्रमांक, तारीख आणि बँक. मग कशाबद्दल, 'टोवर्ड्स' किंवा 'ऑन अकाउंट ऑफ' लावून. धनादेश वटेपर्यंत पैसे आलेले नसतात, म्हणून 'सब्जेक्ट टु रिअलायझेशन' ही ओळ छापलेली नसेल तर हाताने घाला. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला १ रुपयाचे रेव्हेन्यू स्टँप लागते, आणि सही स्टँप ओलांडून कागदावर गेली पाहिजे. पूर्ण सही तिकिटाच्या आतच राहिली तर ते तिकीट सोलून दुसरीकडे लावता येते.

'रिसीट' नामाची दोन रूपे इथे लागतात. कागद असेल तेव्हा मोजता येते, 'अ रिसीट', 'टू रिसीट्स'. मिळण्याची क्रिया असेल तेव्हा मोजत नाहीत: 'प्लीज ॲक्नॉलेज रिसीट ऑफ धिस लेटर'. या वाक्यात 'अ' घालू नका. 'ऑन रिसीट ऑफ पेमेंट' म्हणजे पैसे मिळाल्यावर. 'वुई आर इन रिसीट ऑफ' हे 'आम्हाला मिळाले आहे'चे जुने, जड रूप. चूक नाही, पण 'वुई हॅव रिसीव्ह्ड' त्याहून बरे. जमाखर्चाच्या पत्रकात 'रिसीट्स' म्हणजे जमेची बाजू. तिथे पावत्यांची संख्या शोधत बसू नका.

पैसे मागणारा कागद 'बिल' किंवा 'इन्व्हॉइस', पैसे मिळाल्यावरचा 'रिसीट'. दुकानदाराने 'इन्व्हॉइस' दिले म्हणून पैसे चुकते झाले असे सिद्ध होत नाही. त्यावर 'पेमेंट रिसीव्ह्ड' लिहून तारखेसह सही मागून घ्या.